जॉर्ज हॅरिसनच्या बारा तारा

८ फेब्रुवारी १९६४. न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलबाहेर तरुण मुलामुलींची झुंबड उडाली होती आणि आत एका खोलीत जॉर्ज हॅरिसन घशाच्या संसर्गाने तापून अंथरुणात पडला होता. बीटल्स अमेरिकेत उतरून जेमतेम एक दिवस झाला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात चौघांना वाजवायचे होते. तो कार्यक्रम पुढे सुमारे सात कोटी तीस लाख अमेरिकनांनी पाहिला. आदल्या दिवशी मात्र त्यांच्या मुख्य गिटारवादकाच्या उशाशी त्याची थोरली बहीण लुईस शुश्रूषेला बसली होती, आणि उद्या हा उभा राहील की नाही याचीच सर्वांना चिंता होती.

प्लाझासमोरच, फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूच्या पलीकडे, सॅव्हॉय हिल्टन हॉटेलात फ्रान्सिस हॉल नावाचे एक उद्योजक आपल्या गिटारी मांडून वाट पाहत होते. कॅलिफोर्नियातील सांता आना येथील रिकनबॅकर कंपनी त्यांनी १९५३ मध्ये विकत घेतली होती. जॉन लेनन हँबर्गच्या दिवसांपासून रिकनबॅकर वाजवतो हे त्यांना ठाऊक होते. लेनन आला, त्याने एकेक वाद्य पाहिले आणि त्यातले एक हातात घेतल्यावर हे जॉर्जला दाखवलेच पाहिजे असे त्याच्या मनाने घेतले. मंडळी रस्ता ओलांडून प्लाझात आली आणि आजाऱ्याच्या हाती ती गिटार देण्यात आली. तिला सहाऐवजी बारा तारा होत्या. रिकनबॅकरने या जातीच्या तोवर मोजक्याच गिटारी घडवल्या होत्या. पहिली लास वेगासमध्ये कार्यक्रम करणाऱ्या एका गायिकेकडे गेली होती. जॉर्जकडे आली ती दुसरी.

पुढल्या दोन वर्षांत पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचा नादच जिने बदलला, ती गिटार ही अशी तापल्या हातांत आली. पण नुसती गिटार हाती आल्याने ते घडले नाही. तिच्यावर कोणत्या तारा, किती जाडीच्या आणि कोणत्या क्रमाने चढवल्या होत्या, यात त्या नादाचे निम्मे रहस्य होते. तारांचा हा नाद जॉर्जला पुढे लिव्हरपूलपासून मुंबईपर्यंत घेऊन आला.

बसचालकाचा मुलगा

जॉर्जचा जन्म २५ फेब्रुवारी १९४३ रोजी लिव्हरपूलच्या वेव्हरट्री भागातील १२, आर्नल्ड ग्रोव्ह या घरात झाला. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या आणि संडास मागच्या अंगणात, असे ते कामगारवस्तीतले घर. वडील हॅरल्ड पूर्वी जहाजावर नोकरीला होते, नंतर बसवर वाहक आणि पुढे चालक झाले. आई लुईस दुकानात काम करी. चार भावंडांत जॉर्ज धाकटा. त्याच्या वेळी आई गर्भवती असताना रेडिओवर दर आठवड्याला भारतीय संगीत ऐकत असे, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्याचा पुढच्या आयुष्याशी संबंध जोडण्याचा मोह साहजिक आहे. आईने मुलाच्या संगीतवेडाला कधी नाही म्हटले नाही, एवढे मात्र खरे.

पहिली गिटार त्याला १९५६ च्या सुमारास मिळाली. एग्मंड नावाची, हॉलंडमध्ये बनलेली आणि साडेतीन पौंडांना आलेली ती साधी गिटार होती. तिची मान ज्या बोल्टने धडाला जोडलेली होती, तो बोल्ट जॉर्जने कुतूहलापोटी सोडवला आणि मग त्याला तो पुन्हा बसवता येईना. गिटार कपाटात गेली. काही काळाने भाऊ पीटरने ती जोडून दिली, तेव्हा तिचे आणि मालकाचे नशीब उघडले. स्वस्त गिटारीच्या तारा मानेपासून उंच असतात. त्या दाबताना नवशिक्याच्या बोटांची सालटी निघतात. जॉर्जच्या बोटांतूनही रक्त येई आणि आई रात्री उशिरापर्यंत त्याच्याजवळ बसून राही.

त्या वर्षी इंग्लंडमधल्या सर्वच मुलांना लॉनी डोनेगनने वेड लावले होते. जॉर्जनेही त्याला लिव्हरपूलच्या एम्पायर नाट्यगृहात ऐकले. डोनेगन ज्या ‘रॉक आयलंड लाइन’मुळे गाजला, ते गाणे त्याच्यापर्यंत आले होते हडी लेडबेटर या अमेरिकन कृष्णवर्णीय गायकाकडून. लेडबेली या नावाने ओळखला जाणारा हा माणूस तुरुंगांतून आयुष्याचा मोठा भाग काढून १९४९ मध्ये वारला. बारा तारांच्या गिटारीचा राजा म्हणून त्याची ख्याती होती. डोनेगन मात्र सहा तारांवरच भागवत असे. लिव्हरपूलच्या मुलांना गाणे मिळाले, तारा मिळाल्या नाहीत.

शाळेच्या बसमध्ये भेटलेल्या पॉल मॅकार्टनीने जॉर्जला १९५८ मध्ये लेननच्या ‘क्वॉरीमेन’मध्ये आणले. तिथला तो सर्वांत लहान. ऑगस्ट १९६० मध्ये ही मंडळी हँबर्गला गेली, रात्र-रात्र वाजवू लागली, आणि नोव्हेंबरमध्ये जॉर्ज अठरा वर्षांचा नसल्याचे उघड होताच जर्मन पोलिसांनी त्याला परत धाडले. पुढची तीन वर्षे, केव्हर्न क्लबपासून राणीच्या देशातील सर्वांत गाजलेल्या वाद्यवृंदापर्यंत, सर्वांच्या परिचयाची आहेत. पण त्या गाजावाजात जॉर्जची जागा कोणती होती हे लक्षात घेतले पाहिजे. गाणी लेनन आणि मॅकार्टनी लिहीत. जॉर्जच्या वाट्याला प्रत्येक ध्वनिमुद्रिकेत फार तर एखादे गाणे येई. त्याचे पहिले स्वतःचे गाणे १९६३ चे. शब्द आणि चाली यांत मागे असलेल्या या वीस वर्षांच्या तरुणाला स्वतःचा म्हणता येईल असा आवाज हवा होता. तो न्यूयॉर्कच्या त्या खोलीत मिळाला.

जाड तार, बारीक तार

बारा तारांच्या गिटारीत तारा सहा जोड्यांनी बसवतात. सर्वांत बारीक स्वराच्या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच स्वरात लावतात. उरलेल्या चार जोड्यांत एक तार नेहमीच्या स्वरात आणि तिची जोडीदार बरोबर एक सप्तक वर. एका फटकाऱ्यात दोन्ही वाजतात. दोन तारा कितीही नीट जुळवल्या तरी त्यांच्यात किंचित फरक राहतोच आणि त्या फरकातून ती थरथरती चकाकी निर्माण होते. सतारीच्या तरफा ज्याने ऐकल्या आहेत त्याला या चकाकीची ओळख वेगळी करून द्यायला नको.

प्रश्न असतो तो तारा निवडण्याचा. सर्व तारांची लांबी सारखी. ताणही साधारण सारखा हवा, नाहीतर एकाच जोडीतली एक तार ढिली आणि एक कडक लागते आणि बोट अडखळते. लांबी आणि ताण सारखे असतील आणि धातू एकच असेल तर एक सप्तक वरच्या तारेची जाडी निम्मी असावी लागते. म्हणजे खर्जाच्या जोडीत एक तार सव्वा मिलिमीटरच्या आसपास, तर तिची जोडीदार त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक. आज मिळणाऱ्या हलक्या संचात खर्जाची तार सुमारे १.१७ मिलिमीटरची, तिची सप्तकतार ०.६६ मिलिमीटरची आणि पहिल्या जोडीतल्या दोन्ही तारा पाव मिलिमीटरच्या असतात.

खरा जीव अडकतो तो तिसऱ्या जोडीत. तिथली सप्तकतार सेकंदाला ३९२ कंपनांच्या स्वरात लावायची असते, तर गिटारीची पहिली तार ३३० कंपनांचीच. म्हणजे साऱ्या गिटारीतला सर्वांत उंच स्वर कडेला नसून मध्येच दडलेला असतो. ही तार ०.२ मिलिमीटरची, केसाहून थोडीच जाड. बाराही तारांत सर्वांत आधी तुटते ती हीच. जाड तार घेतली तर टिकेल असे नवशिक्याला वाटते, पण तसे होत नाही. जाडी वाढली की तोच स्वर मिळवण्यासाठी ताणही त्या प्रमाणात वाढवावा लागतो आणि पोलादाची सहनशक्ती तिथल्या तिथेच राहते. उपाय एकच, तारेची वाजती लांबी कमी करणे. रिकनबॅकरची वाजती लांबी सुमारे ६३ सेंटिमीटर आहे. इतर अनेक विजेच्या गिटारींची ती पावणेपासष्टच्या घरात असते. पावणेदोन सेंटिमीटरचा हा फरक वाचताना क्षुल्लक वाटतो, त्या बारीक तारेला मात्र तो जीवदान देतो.

तारेचा धातू हाही निवडीचा भाग. लाकडी पोकळ गिटारीवर कांस्याच्या गुंडाळीच्या तारा छान वाजतात. विजेच्या गिटारीत तारेखालचे चुंबक आणि वेटोळे तिची कंपने टिपते. कांस्याला चुंबक ओळखत नाही, त्याला आतला पोलादी गाभाच तेवढा जाणवतो. त्यामुळे गुंडाळीच्या जाड तारा दबून येतात आणि साध्या बारीक तारा किंचाळतात. म्हणून इथे पोलादाच्या गाभ्यावर निकेलची गुंडाळी लागते. गुंडाळी गोल तारेची असेल तर आवाज लखलखीत येतो, चपट्या पट्टीची असेल तर तो मऊ आणि गोलसर होतो आणि बोटे सरकताना खरखर होत नाही. काही वादक चपट्या गुंडाळीच्या जाड तारा मुद्दाम निवडतात. जाड तार मऊ बोलली की तिची बारीक जोडीदार अधिक उठून दिसते.

शिवाय बारा तारांचा एकत्रित ताण सहा तारांच्या जवळपास दुप्पट होतो. रिकनबॅकरच्या मानेत त्यासाठी एकाऐवजी दोन पोलादी सळ्या घातलेल्या असतात. आणि मूळ रचनेत ब्रिजवर तारा टेकण्यासाठी बारा नव्हे, सहाच आधार होते. एका जोडीतल्या जाड आणि बारीक तारेला तिथे एकच जागा वाटून घ्यावी लागे. दोघींसाठी अचूक जागा वेगवेगळी असल्याने वरच्या पडद्यांवर एक जरा चढी किंवा एक जरा उतरी राहणारच. जाडीचा मेळ नीट साधला तर ही खोट कानाला गोड लागते, चुकला तर सारेच बेसूर. काटेकोर माणसाला हे वाद्य वेड लावील.

या साऱ्यावर कडी म्हणजे क्रम. बारा तारांच्या इतर गिटारींवर वरून खाली फटकारा मारला की आधी बारीक सप्तकतार लागते, मग जाड. रिकनबॅकरने तो क्रम उलटा केला. आधी जाड तार बोलते आणि तिच्या पाठोपाठ, क्षणाच्या अंशाने उशिरा, बारीक तार उजळते. त्यामुळे मूळ स्वर ठाम राहतो आणि चकाकी त्याच्यावर स्वार होते. बारा तारांचा गलबला न होता सूर ऐकू येतात ते यामुळे. तारा बदलताना कोणी हा क्रम विसरला तर तीच गिटार वेगळी बोलू लागते.

एक सोय जॉर्जला विशेष आवडली. बारा खुंट्यांमुळे अशा गिटारींचे डोके लांबट आणि जड होत असे. रिकनबॅकरच्या कारागिरांनी सहा खुंट्या नेहमीसारख्या बाजूला काढल्या आणि उरलेल्या सहा शास्त्रीय गिटारीप्रमाणे खाचांत मागच्या दिशेला बसवल्या. डोके आखूड झाले आणि कोणती खुंटी कोणत्या तारेची हे तिच्या दिशेवरूनच कळू लागले. अंधाऱ्या रंगमंचावर, हजारो मुलींच्या किंकाळ्यांत, बारा तारा जुळवायच्या असताना ही केवढी मोठी गोष्ट होती!

एका स्वरमेळाची कथा

लंडनला परतल्यावर २५ फेब्रुवारीला, म्हणजे नेमक्या एकविसाव्या वाढदिवशी, जॉर्जने ही गिटार अ‍ॅबी रोडच्या स्टुडिओत ‘यू कान्ट डू दॅट’ या गाण्यासाठी वाजवली. १६ एप्रिल रोजी ‘अ हार्ड डेज नाइट’चे ध्वनिमुद्रण झाले. चित्रपटाचे शीर्षकगीत असल्याने त्याची सुरुवात पडदा उघडताच प्रेक्षकाला ताठ बसवणारी हवी होती. तिथे एकच स्वरमेळ वाजतो, सुमारे तीन सेकंद. त्यात लेननची गिटार आहे, मॅकार्टनीचा बेस आहे, निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा पियानो आहे आणि त्या सर्वांवर बारा तारांची ती चकाकी आहे. हा स्वरमेळ नेमका कोणता, यावर चार दशके गिटारवादकांत वाद चालला. अखेर कॅनडातील डलहौसी विद्यापीठाचे गणिती जेसन ब्राऊन यांनी २००४ मध्ये फूरिए विश्लेषणाने त्यातल्या कंपनसंख्या वेगळ्या काढून पाहिल्या आणि त्यात पियानोही असल्याचा निष्कर्ष काढला. एका स्वरमेळासाठी गणिताला पाचारण करावे लागले, असा मान दुसऱ्या कोणाला क्वचितच मिळाला असेल. त्याच गाण्यातला मधला तुकडा बोटांना इतका अवघड होता की ध्वनिफीत निम्म्या वेगाने फिरवून जॉर्ज आणि मार्टिन यांनी तो एकत्र वाजवला.

अमेरिकेत रॉजर मॅग्वीन या तरुणाने तो चित्रपट पाहिला, पडद्यावरची गिटार ओळखली आणि तशीच मिळवली. त्याच्या ‘द बर्ड्स’ने १९६५ मध्ये ‘मिस्टर टॅम्बुरिन मॅन’ बारा तारांवर गाजवले. जॉर्जने ते ऐकले आणि त्याच वर्षी बर्ड्सच्या एका सुरावटीवरून ‘इफ आय नीडेड समवन’ रचले. गिटारीच्या मानेवर सातव्या पडद्याला पकड लावून त्याने ते वाजवले. उसने घेतले ते त्याने मोकळेपणाने कबूलही केले. नाद असा अटलांटिक ओलांडून गेला आणि परत आला. दरम्यान ऑगस्ट १९६५ मध्ये अमेरिकेतच त्याला गोलसर कडांची आणखी एक बारा तारांची रिकनबॅकर भेट मिळाली होती.

तुटलेली तार

तोवर जॉर्जचे मन दुसरीकडे ओढले जाऊ लागले होते. एप्रिल १९६५ मध्ये ‘हेल्प!’ चित्रपटाच्या एका दृश्यात भारतीय उपाहारगृह उभारले होते आणि तिथे काही भारतीय वादक बसवले होते. चित्रीकरणाच्या मधल्या वेळात जॉर्जने सतार उचलून पाहिली. पुढे लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील भारतीय वस्तूंच्या दुकानातून त्याने एक स्वस्तातली सतार घेतली. ऑक्टोबरमध्ये ‘नॉर्वेजियन वुड’चे ध्वनिमुद्रण चालू असताना तिची तार तुटली. गिटारीची तार लंडनमध्ये कुठेही मिळाली असती, सतारीची कुठून आणणार? शोधाशोध केल्यावर एशियन म्युझिक सर्कलचे नाव पुढे आले. मूळ कर्नाटकातले अयन अंगडी आणि त्यांची इंग्रज पत्नी पॅट्रिशिया ही संस्था चालवत. तार तिथून आली. जून १९६६ मध्ये याच अंगडी दांपत्याच्या घरी जॉर्जची पंडित रविशंकर यांच्याशी भेट झाली. एक तार तुटल्याने जुळलेले असे नाते संगीताच्या इतिहासात विरळाच.

त्याआधी एप्रिलमध्ये ‘लव्ह यू टू’ हे गाणे तयार झाले होते. त्यात तबला वाजवणाऱ्या अनिल भागवत यांचे नाव ‘रिव्हॉल्व्हर’च्या वेष्टनावर छापले गेले. बाहेरच्या वादकाला बीटल्सकडून असा मान तेव्हा सहसा मिळत नसे.

रविशंकर यांनी शिकवायला सुरुवात केली तीच मुळी शिस्तीने. पहिल्याच धड्याच्या वेळी दूरध्वनी वाजला म्हणून जॉर्ज सतार ओलांडून उठला, तेव्हा गुरूंनी त्याच्या पायावर चापटी मारली. वाद्य ओलांडायचे नसते हे आपल्याकडे लहान मुलालाही सांगावे लागत नाही. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध चौघांपैकी एकाला ते तेविसाव्या वर्षी शिकावे लागले, आणि तो निमूटपणे शिकला.

सप्टेंबर १९६६ मध्ये जॉर्ज पत्नी पॅटीसह मुंबईला आला. नाव बदलून, मिशा वाढवून तो ताजमहाल हॉटेलात उतरला होता. मिशांचा उपयोग झाला नाही. हॉटेलातल्या एका कर्मचाऱ्याने ओळखले आणि अपोलो बंदरावर गर्दी जमू लागली. शेवटी पत्रकारांना बोलावून आपण सतार शिकायला आलो आहोत, एकांत हवा आहे, असे सांगणे त्याला भाग पडले. तरीही गर्दी हटेना, म्हणून गुरू-शिष्य काश्मीरला गेले आणि दल सरोवरातल्या नौकागृहात रियाज सुरू झाला. मांडी घालून तासन्‌तास बसणे त्याला जमत नसे, त्यासाठी योगशिक्षकाची मदत घ्यावी लागली. रविशंकर यांचे शिष्य शंभू दास हेही त्याच्याकडून सराव करून घेत.

बारा तारांच्या सवयीचा माणूस आता वीसेक तारांसमोर बसला होता. सतारीवरही तार निवडण्याचे शास्त्र आहेच. बाजाची तार पोलादी, जोडीची पितळी वा कांस्याची, चिकारीच्या बारीक पोलादी आणि खाली तरफा. फरक इतकाच की गिटारीत दुसरी तार वादकाच्या फटकाऱ्याने वाजते, तर तरफेची तार कोणी न छेडता, वरच्या स्वराला उत्तर म्हणून. आणि एकाच पडद्यावर बाजाची तार बाजूला ओढून चार-पाच स्वरांची मींड घेता येते. रिकनबॅकरवर ते अशक्य. जोडीतल्या दोन तारा एकत्र ओढल्या तर दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात चढतात आणि बेसूर होतात. बारा तारांनी जॉर्जला चकाकी दिली, पण स्वर वाकवण्याची मुभा दिली नव्हती.

जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा मुंबईत आला, या वेळी कामासाठी. ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे संगीत त्याने एचएमव्हीच्या फोर्टमधील स्टुडिओत ध्वनिमुद्रित केले. दोन ट्रॅकचे यंत्र तिथे नव्हते. कंपनीचे भास्कर मेनन यांनी ते कोलकात्याहून रेल्वेने आणवले. रस्त्यावरच्या वाहनांचा आवाज आत येई, म्हणून वेळ साधून काम करावे लागे. संतुरवर शिवकुमार शर्मा, सरोदवर आशीष खान, बासरीवर एस. आर. केंकरे असे वादक जमले होते. वेळ उरला तेव्हा त्याने आणखी काही चाली मुद्रित केल्या. त्यातूनच १२ जानेवारीला ‘द इनर लाइट’चा वाद्यभाग तयार झाला. जॉर्जने लंडनला जाऊन त्यावर गायन केले. बीटल्सच्या छोट्या तबकडीवर आलेले त्याचे ते पहिले गाणे. गंमत अशी की त्यात त्याने स्वतः ना गिटार वाजवली, ना सतार. दोन्हीपैकी कोणतेही वाद्य आपले आहे की नाही, याचा निर्णय त्याच्या मनात तेव्हा चालू असावा, असे मानायला जागा आहे.

तो निर्णय त्याच वर्षी झाला. जूनमध्ये तो कॅलिफोर्नियात रविशंकर यांच्यावरील चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी गेला होता. तुझी मुळे कुठे आहेत याचा विचार कर, असे गुरूंनी त्याला सुचवले. परतताना न्यूयॉर्कमध्ये एरिक क्लॅप्टन आणि जिमी हेंड्रिक्स भेटले. आपण सतारीला बसलो तेवढ्या काळात हे दोघे गिटारीला कुठे घेऊन गेले, हे त्याने पाहिले. भारतात सतारीवर जन्म वाहिलेले शेकडो वादक आहेत आणि त्यांतल्या फारच थोड्यांना रविशंकर यांच्या उंचीची आशा धरता येते, हेही त्याला कळून चुकले होते. वयाच्या पंचविसाव्या वर्षी, साऱ्या जगासमोर ज्या गोष्टीची वाच्यता केली ती सोडून देणे सोपे नसते. जॉर्जने सतार बाजूला ठेवली. गुरूला मात्र सोडले नाही.

सतारीने त्याला जे दिले ते वेगळ्याच वाटेने बाहेर आले. १९६९ च्या अखेरीपासून तो स्लाइड गिटार वाजवू लागला, म्हणजे बोटात नळी घालून पडद्यांना न टेकता तारेवरून सरकवणे. त्यासाठी तारा जरा जाड आणि मानेपासून उंच ठेवाव्या लागतात, नाहीतर नळी पडद्यांवर आपटते. साडेतीन पौंडांच्या गिटारीच्या ज्या उंच तारांनी बोटे सोलली होती, तशाच त्याने आता हौसेने लावल्या. १९७० च्या ‘माय स्वीट लॉर्ड’पासून ऐकू येणारी त्याची ती रुदन करणारी, स्वरांमधून वाहणारी गिटार ऐकताना मींड आठवल्याशिवाय राहत नाही. घाई नाही, तानबाजी नाही, एकेक स्वर गाठून मगच पुढे जाणे.

१ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी जॉर्जने दोन कार्यक्रम केले. विनंती रविशंकर यांची होती. सुमारे चाळीस हजार लोक आले आणि तिकिटांचे अडीच लाख डॉलरच्या आसपास पैसे युनिसेफला गेले. ध्वनिमुद्रिकेच्या उत्पन्नाचा हिशेब पुढे करांच्या भानगडीत वर्षानुवर्षे अडकला, ती कहाणी निराळी. कार्यक्रमाच्या आरंभी रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखा आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती बसले. वाद्ये जुळवून झाली आणि श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणे इतके आवडले तर वाजवणे त्याहून आवडेल, अशा अर्थाची मिस्किल आशा पंडितजींनी व्यक्त केली. साऱ्या सभागृहात त्या विनोदातली खोच सर्वांत अधिक कळली असेल ती जॉर्जला. बारा तारा जुळवण्यात त्याचे तारुण्य गेले होते.

नंतरची वर्षे त्याने बव्हंशी हेन्ली येथील फ्रायर पार्कच्या बागेत काढली. १९७४ चा अमेरिका दौरा आवाज बसल्याने फसला. १९८८ मध्ये बॉब डिलन, रॉय ऑर्बिसन, टॉम पेटी आणि जेफ लिन यांच्यासह ‘ट्रॅव्हलिंग विल्बरीज’ जमले. १९९७ मध्ये रविशंकर यांच्या ‘चँट्स ऑफ इंडिया’ची निर्मिती त्याने केली. त्याच वर्षी कर्करोगाचे निदान झाले. १९९९ च्या डिसेंबरात घरात घुसलेल्या एका माणसाने त्याच्यावर चाकूहल्ला केला, त्यातून तो वाचला. २९ नोव्हेंबर २००१ रोजी लॉस एंजेलिस येथे त्याचे निधन झाले. वय अठ्ठावन्न. प्लाझा हॉटेलच्या खोलीत हाती आलेली ती बारा तारांची गिटार अखेरपर्यंत त्याच्याजवळ होती.

बरोबर एक वर्षाने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याच्या मित्रांनी स्मृतिमैफल केली. मुलगा धनी गिटार घेऊन रंगमंचावर होता, ऐंशी ओलांडलेले पंडित रविशंकर श्रोत्यांत बसले होते. त्यांच्या कन्येने, अनुष्काने, सतार वाजवली आणि जेफ लिनने तिच्या साथीने ‘द इनर लाइट’ गायले. फोर्टमधल्या त्या स्टुडिओत तयार झालेलेच ते गाणे. मैफलीचा पहिला भाग सतारीचा होता. गिटारी नंतर आल्या.